उपरण्याखालचा हात

दसरा उलटला की टेकडीवरचं गवत रंग सोडतं. आधी शेंडे पिवळे पडतात, मग देठ, आणि एके सकाळी कोवळ्या उन्हात सगळी टेकडी खिलारी बैलाच्या पाठीसारखी दिसायला लागते. पांढरट, तुकतुकीत, हात फिरवावा अशी. पण हात फिरवू नये. त्या दिवसांत गवताला कुसळं आलेली असतात. कुसळ एकदा कापडात शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. धुतलं तरी निघत नाही, झटकलं तरी पडत नाही. मी बैलांचा व्यापार करायचो तेव्हा या दिवसांत माझी बायको दारात बसून माझ्या पायजम्याच्या काठातली कुसळं एकेक करून उपटायची आणि म्हणायची, "सगळी टेकडीच घरी आनता व्हय?"

गेल्या आठवड्यात कितीतरी वर्षांनी माझ्या पायजम्याला पुन्हा कुसळं लागली. त्याच टेकडीची. आता तिथं जायला तिकीट लागतं.

शहर वाढत वाढत टेकडीच्या पायथ्याला येऊन टेकलं, आणि मग कुणाला तरी वाटलं की आता ही टेकडी जपली पाहिजे. तिला तारेचं कुंपण आलं, कमान आली, कमानीवर रंगवलेला मोर आला, आणि टेकडीचं निसर्ग उद्यान झालं. दारात खुर्ची टाकून रखवालदार बसला होता. त्यानं तिकिटाचे पैसे मागितले, ते मी दिले. मग त्याची नजर माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीवर गेली.

"बाबा, बाटलीचं डिपॉझिट पडंल. येताना बाटली दाखवली की परत."

"पानी माझं, बाटली माझी, आन् डिपॉझिट तुला?"

"प्लास्टिक हाय ना. लोकं वर फेकून देत्यात."

"मी फेकनारा दिसतो व्हय तुला?"

"फेकनारा कोनीच दिसत न्हाई, बाबा."

उत्तर चांगलं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. निम्म्यावर मिटव म्हणून मी तिथंच ठाण मांडलं. ज्या टेकडीवर मी शेकड्यांनी बैल फुकट चारले, तिच्या दारात मी पाण्यासाठी जामीन ठेवायचा! मागं रांग लागली. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. शेवटी माझ्याबरोबरच्या बाईंनी स्वतःची पर्स उघडली, तेव्हा मी निमूट खिशात हात घातला. पण रखवालदाराला बजावून ठेवलं, "येताना ध्यानात ठेव. मी इसरनाऱ्यातला न्हाई."

"तुमाला कोन इसरंल?" तो म्हणाला, आणि रांगेतली माणसं हसली.

विसरत नाही, हे मात्र खरं. मी शून्यातून वर आलो ते विसरलो नाही म्हणूनच. कुणी कुठल्या बाजारात मला काय ऐकवलं, कुणी चहा पाजताना कप कसा सरकवला, सगळं माझ्याजवळ जसंच्या तसं आहे. घरातले म्हणतात, एवढं ओझं कशाला वागवता. मी त्यांना सांगतो, ओझं नाही ते, भांडवल आहे. पण एक गोष्ट अशी होती की जिचं भांडवल कधी झालं नाही. ती नुसतीच टोचत राहिली. त्या गोष्टीची मुलगी माझ्याबरोबर टेकडी चढत होती.

तिचं नाव एस्तेर. माझ्या नातीच्या वर्गाच्या बाई. दिवाळीनंतर वर्गाची सहल या टेकडीवर न्यायची, आणि टेकडी पूर्वी कशी होती हे मुलांना सांगायला एखादं जुनं माणूस हवं, असं त्यांनी वर्गात म्हटलं, तर आमच्या नातीनं हात वर करून माझं नाव सांगितलं. तिला बिचारीला काय ठाऊक, तिच्या बाईंची आणि माझी ओळख तिच्या जन्माच्या फार आधीची आहे, आणि तरी आम्ही दोघं बाजारपेठेत समोरासमोर आलो तर दुकानांच्या पाट्या वाचत पुढं जातो. "सहलीच्या आधी आपण एकदा फिरून येऊ, म्हणजे मुलांना कुठं थांबवायचं ते ठरवता येईल," असा निरोप बाईंनी पाठवला. मी हो म्हणालो. सौद्यात आधी जो तोंड उघडतो त्याला गरज असते. तोंड तिनं आधी उघडलं होतं. बघू तरी, म्हटलं, सामूच्या मुलीला माझ्याकडून काय हवंय.

सामू म्हणजे शमुवेल, तिचा बाप. सगळा बाजार त्याला सामू म्हणायचा आणि मी सामूदादा. आम्ही दोघं हेडी. बैल घ्यायचे, विकायचे, या बाजारातून त्या बाजारात न्यायचे. आमची भागी अशी होती की लोक एकाला बघून दुसऱ्याची चौकशी करायचे. तो गेला तेव्हा मला कुणी कळवलं नाही. त्याच्या मातीला मला कुणी बोलावलं नाही. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली असेल, उधारीवर बैल नेणाऱ्यांनीसुद्धा टाकली असेल. फक्त माझ्या हातून पडली नाही. हीच माझी तक्रार. ती घेऊन मी इतकी वर्षं त्यांच्या कब्रस्तानाच्या रस्त्यानं गेलो नाही. स्टेशनला जायचं असलं तरी वळसा घालून जातो.

पारनेरकडच्या एका कोरडवाहू गावातून मी आलो तेव्हा माझ्याजवळ अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. बैलबाजारात दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून उभं राहायचं, एवढंच काम मिळालं. एकदा एका व्यापाऱ्यानं ज्या बैलाचा भाव पाडून मागितला, तो बैल मीच सकाळपासून धरून उभा होतो. मला राहवलं नाही. मी ओरडलो, "एवढ्यात शेळी तरी येती का?" सगळा बाजार वळून बघायला लागला. मालकानं मला हाकलून दिलं. तेव्हा लिंबाच्या सावलीत बसलेला एक काळासावळा, लांबलचक माणूस उठून आला. गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटासा क्रूस. म्हणाला, "लेका, बैलाच्या बाजारात तोंडानं तमाखू खायाची. बोलायचं हातानं."

मग त्यानं माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, आमच्या दोघांच्या उजव्या हातांवर टाकलं, आणि खाली माझी बोटं धरली.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. तिथं खरा भाव बोलला जात नाही. घेणारा आणि विकणारा हात हातात घेतात, वर उपरणं किंवा टॉवेल टाकतात, आणि खाली बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते जनावर बघून दोघांनाही समजतं. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. पसंत असेल तर पंजा दाबायचा, नसेल तर बोट सरकवून आपला भाव सांगायचा. काहीच न सांगता उपरण्याखालून हात काढून घेणं मात्र वाईट. तो अपमान. तू आणि तुझा माल, दोन्ही मला हात लावण्याजोगे नाहीत, असा त्याचा अर्थ.

सामूदादा म्हणायचा, बोटं भाव सांगत्यात, पन हात माणूस सांगतो. ते मी त्याच्याकडून शिकलो आणि पुढं त्याच्याही वर गेलो. हात ओला असेल तर गरज आहे. बोट दाबताना अंगठा थरथरला तर खिशात तेवढे नाहीत. लग्न काढलेल्या बापाचा हात गरम असतो. दारू पिणाऱ्याचा हात भावाच्या आधीच ढिला पडतो. मी माणसाच्या तोंडाकडे बघायचोसुद्धा नाही. डोळे मिटून सांगायचो, हा आज विकूनच जाणार. नगर जिल्ह्यात माझ्याइतका हात वाचणारा दुसरा नव्हता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सांगायला बरं वाटतं असंही नाही.

आम्हा दोघांची बोटं तर नुसतीच बोलत राहायची. समोरचा मालक बैलाचं कौतुक करतोय आणि उपरण्याखाली सामूदादाची बोटं मला सांगतायत, मागचा पाय बघ. दोन बोटं आणि एक चिमटा म्हणजे दोन चहा, एक बिनसाखरेचा. त्याला साखर चालायची नाही. कधीकधी गंभीर चेहऱ्यानं सौदा चालू असताना तो माझ्या तळहाताला गुदगुल्या करायचा.

रब्बीच्या ज्वारीला बैल लागत, म्हणून या दिवसांत बाजार तापलेला असायचा. पारनेरच्या बाजूनं बैल चालवत आणायचे, सुप्याला पाणी दाखवायचं, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी या टेकडीवर सोडायचे. "पोट भरलेला बैल दोन वर्सांनी तरणा दिसतो," सामूदादा म्हणायचा. बैल कुसळं चुकवत, जिभेनं खालचा हिरवा पाला वेचत चरायचे. आम्ही वरच्या लिंबाखाली भाकरी सोडायचो. त्याच्या फडक्यात बोंबलाची चटणी, माझ्यात ठेचा; खाताना फडकी बदलायची. खाली नगर पसरलेलं, किल्ल्याच्या झाडीचा गोल ठिपका, देवळांचे कळस, मशिदींचे मिनार, चर्चचा मनोरा. तो मनोऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "आमचा येशू गाढवावर बसला, तिथंच धंदा बुडाला. बैलावर बसला असता तर आपलं किती चाललं असतं!" आणि मग लगेच क्रुसाला हात लावून पुटपुटायचा, माफ कर बाबा, व्यापाराच्या बोलण्यात म्हनलं.

आता त्या चढाला फरशा बसवल्या आहेत. दोन्ही बाजूंना झाडांच्या गळ्यात नावांच्या पाट्या. बोर, बाभूळ, हिवर. ज्यांच्या काट्यांनी आमच्या टाचा फोडल्या त्यांना आता पाट्या आल्या, हे बघून मला हसू आलं. तरुण पोरं-पोरी बाकांवर बसली होती. कुणी मोबाईल काठीला लावून स्वतःचेच फोटो काढत होतं. एस्तेर पुढं चालत होती, वहीत काहीबाही टिपत. तिची चाल बापाची. लांब ढांगा, आणि चढावर हात मागं बांधायची सवय. मी मुद्दाम चार पावलं मागं राहिलो. बोलायचं काय, हा प्रश्न दोघांनाही होता.

वळणावर एक चौथरा होता आणि चौथऱ्यावर शेतकरी, नांगर आणि बैलजोडी. सगळं फायबरचं. चकचकीत पांढरे बैल, लाल ओठ, निळे डोळे.

"मुलांना इथं थांबवू," एस्तेर म्हणाली. "बैलाबद्दल तुम्ही इथंच सांगा. हल्लीच्या पोरांनी जोडी पाहिलेली नसते."

मी जोडीभोवती चक्कर मारली. डाव्या बैलाची शिंगं खिलाराची, उजव्याची देवणीची. खूर उलटे. वशिंड गळ्याशी आलेलं.

"ही जोडी?" मी म्हणालो. "ही मी फुकट बी नेली नसती. ह्यो उजवा तर पयल्याच तासाला बसंल."

ती हसली. मान मागं टाकून, आवाज न करता, खांदे हलवत. तो हुबेहूब सामूदादा होता. मी पटकन दुसरीकडे बघितलं.

"बाबा पण असंच म्हणायचे," ती म्हणाली. "कुठल्याही चित्रातला बैल बघितला तरी आधी दात विचारायचे."

बाबा हा शब्द आमच्यामध्ये पहिल्यांदा आला. त्यानंतर चालताना मी मागं राहिलो नाही.

सामूदादाबरोबरचा शेवटचा आश्विन मला पानापानानं आठवतो. त्या वर्षी गवत चांगलं होतं, बैलही चांगले मिळाले होते, आणि सामूदादा बिघडला होता. मला तसंच वाटलं. कासरा त्याच्या हातातून निसटायचा. गाठ मारताना तो दात लावायचा. चहाचा कप दोन्ही हातांत धरायचा. मी म्हटलं, थंडी वाजती का म्हाताऱ्यावानी, तर नुसता हसला. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे सौद्याला तो हात पुढं करेनासा झाला. "तूच कर. तुझा हात चांगला चालतोय," म्हणायचा आणि माणसांच्या मागं जाऊन उभा राहायचा. मी शहाणा माणूस. मी लगेच ताडलं की याचं दुसऱ्या कुणाशी तरी जमलंय, हा आपल्यापासून काहीतरी झाकतोय. झाकतोय, एवढं बरोबर ताडलं होतं.

आम्ही वर लिंबापाशी पोचलो. लिंब आहे अजून. त्याच्याभोवती गोल कट्टा बांधलाय आणि पाटीवर कडुनिंब असं लिहिलंय. कट्ट्यापलीकडं कुंपणापर्यंत मात्र गवत तसंच ठेवलंय. कमरेइतकं, पिवळं, वाऱ्यावर एका बाजूला झुकणारं. मी फरशी सोडून गवतात गेलो. एस्तेर म्हणाली, "काका, कुसळं लागतील." काका म्हणाली. लहानपणी म्हणायची तसं.

"लागू दे," मी म्हणालो.

इथंच उभे होतो आम्ही. बाजार उठला होता, राहिलेले बैल चरत होते. सामूदादा दुसरीकडे बघत म्हणाला, "आता आपली भागी मोडू."

मी विचारलं, का. त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं, माझं काय चुकलं. म्हणाला, काही न्हाई. मी विचारलं, कोण भेटलाय तुला, नाव सांग. तो बैलांकडं बघत राहिला. मला राग येतो तेव्हा माझा आवाज चढतो, आणि त्या दिवशी खालच्या रस्त्यानं जाणारी माणसं थांबून वर बघायला लागली इतका चढला. मग मी शेवटचा उपाय केला. उपरणं काढलं, उजव्या हातावर टाकलं, आणि हात त्याच्यापुढं धरला. म्हणालो, "तोंडानं सांगू नको. हातात सांग. काय पायजे ते सांग, पन भागी मोडू नको."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचा हात थोडा वर आला. उपरण्याच्या काठापर्यंत आला. आणि मग त्यानं तो मागं घेतला आणि पाठीमागं दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"जा तू," म्हणाला. "बाजार कर. लई मोठा हो."

मी त्या गवतात हात पुढं करून उभा होतो आणि सामूदादा बैल सोडून उतारानं चालला होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही. मी मागून जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी बीडच्या बाजूच्या बाजारांत जायला लागलो, इकडं यायचंच नाही असं ठरवलं. नाताळ जवळ आला होता. तिकडच्या एका बाजारात सुप्याचा एक व्यापारी भेटला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "तुमचा सामू गेला की. चांगली माती झाली. तुमी दिसला न्हाई?"

तो कप मी कुठं ठेवला, मला आठवत नाही.

पुढं मी खरंच मोठा झालो. बैल कमी झाले तसा जुन्या ट्रॅक्टरांत शिरलो. घर बांधलं, पोरं शिकली. ट्रॅक्टरचा सौदा उघड्यावर, तोंडानं, आरडाओरडा करून होतो. त्यात मजा नाही. इंजिनाला कान लावून मी सगळं ओळखतो, पण माणूस कसा आहे ते कळत नाही. आणि इतकी वर्षं मनात एकच: माझं असं काय चुकलं होतं?

हे सगळं मी एस्तेरला त्या लिंबाखाली बोललो. बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. ती मुलांना कुठं बसवायचं ते बघत होती आणि मी एकदम म्हणालो, "तुज्या बापानं इथं माझा अपमान केला. आन् तुमी लोकांनी मला मातीलासुदिक बोलावलं न्हाई."

तिनं वही मिटली. तिचा चेहरा आक्रसला, रागानं. बापाची मुलगी असली तरी राग तिचा स्वतःचा होता.

"आम्ही बोलवायचं?" ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असून तुम्ही एकदा आला नाहीत. बाबा खाटेवर होते. आई दाराकडं बघत बसायची. म्हणायची, येतील, राग उतरला की येतील. आणि मग गेले तेव्हा म्हणाली, ज्याला जिवंतपणी यावंसं वाटलं नाही त्याला आता कशाला निरोप धाडायचा."

"मला काय माहीत?" मी ओरडलो. कट्ट्यावरचं जोडपं उठून गेलं. "मला कोनी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही हात धरला होता ना बाबांचा. ते घरी येऊन म्हणाले, त्यानं उपरणं टाकून हात पुढं केला. आई म्हणाली, झालं, मग त्याला कळलंच."

"काय कळलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा राग हळूहळू उतरताना मला दिसत होता, आणि तो उतरू नये असं मला वाटत होतं. पुढं जे येणार होतं ते मला नको होतं.

"त्यांच्या बोटांतला जीव गेला होता, काका," ती म्हणाली. "पावसाळ्यापासूनच. आधी करंगळी, मग एकेक. मेंदूत गाठ होती. शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. भाकरी तोडता यायची नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार दिवस नाहीत."

वारा पडला होता. गवत एकदम सरळ उभं राहिलं.

"हात धरलाच न्हाई त्यानं," मी म्हणालो. "मागं घेतला."

ती कट्ट्यावर बसली. मग, जणू तिचं तिलाच आता उलगडत होतं, म्हणाली, "आई म्हणायची, सांगा त्यांना, तुमचा एवढा जिवाचा माणूस. तर बाबा म्हणायचे, त्याला कळलं तर तो बाजार सोडून माझ्या खाटेपाशी येऊन बसंल. आत्ता कुठं त्याचं बस्तान बसाया लागलंय. आन् त्याचा सोभाव म्हाईत हाय ना? डाक्टरशी बी घासाघीस करंल. म्हनंल, म्हैना न्हाई, वर्साचं बोला."

हे ऐकून मी हसलो. हसू असं आलं की थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. एस्तेरनं माझ्याकडे पाठ करून टेकडीखालचं गाव बघितलं. तिचे आभार.

हेड्याला फसवायचं असेल तर जनावर त्याच्या हाताखाली येऊ द्यायचं नसतं. दुरून कितीही बघू दे. हात लागला की सगळं उघडं पडतं. सामूदादाला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं, त्यानंच मला शिकवलं होतं. तोंडानं त्यानं मला फसवलं असतं, फसवलंच. हातानं फसवता आलं नसतं. मेलेली ती बोटं माझ्या बोटांत आली असती तर मी डोळे मिटून सांगितलं असतं की हा माणूस जाणार आहे. म्हणून उपरण्याच्या काठापर्यंत आलेला तो हात मागं गेला. मी तो अपमान म्हणून घरी नेला आणि आयुष्यभर सांभाळला.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. लोकांना वाटतं, कारण समजलं की राग जातो. मी बसलो असतो खाटेपाशी. बाजार बुडाला असता तर बुडाला असता. बाजार दर आठवड्याला भरतो. डॉक्टरशी घासाघीस केली असती, हरलो असतो, पण केली असती. शर्टाची बटणं मी लावली असती. माझ्या वाटणीचं त्यानं एकट्यानं ठरवलं, मला न विचारता. सौद्याला दोन हात लागतात, हे त्यानं शिकवलं आणि त्यानंच पाळलं नाही. हे मी त्याला ऐकवणार होतो. पण कुठं ऐकवणार?

उठताना मी लिंबाच्या पलीकडं, जिथं तो उभा होता असं मला आठवतं, तिथं वाकलो. माती कोरडी होती, ढेकळाची. बोटांनी उकरून उजवी मूठ भरून घेतली. तिच्यात गवताची मुळं आली, दोन-चार कुसळं आली. एस्तेरनं बघितलं. माझी बाटली तिनं उचलून घेतली आणि आम्ही उतरायला लागलो. उतारावर तिनं माझा डावा कोपर धरला. मूठ आवळलेलीच होती. फायबरच्या बैलांवर दोन पोरं चढून बसली होती आणि त्यांचा बाप फोटो काढत ओरडत होता, "शिंगं धर, शिंगं!"

दारात रखवालदार मला बघून खुर्चीतून उठलाच.

"या बाबा! बघा, ध्यानात हाय का न्हाई." बाटली बघून त्यानं खिशातून नोट काढून पुढं धरली. "घ्या. न्हायतर मला झोप लागायची न्हाई."

मी नोटेकडे बघितलं. उजव्या मुठीत माती होती. डाव्या हातानं मी आजवर पैसा घेतलेला नाही. लक्ष्मी डाव्या हातानं घेऊ नये, हे आमच्या धंद्यात पोरंसुद्धा पाळतात. नोट त्याच्या बोटांत फडफडत होती.

"राहू दे," मी म्हणालो.

"राहू दे? अवो, मगाशी तर रांग थांबवून भांडत हुता!" त्यानं माझ्या मुठीकडं बघितलं. "काय हाय हातात? वरचं काय बाहेर न्यायचं न्हाई हां, बोर्ड लावलाय."

एरवी मी त्याला सोडला नसता. बोर्ड कुणी लावला, टेकडी कुणाची, इथं तू नव्हतास तेव्हा कोण होतं, सगळं काढलं असतं. त्याऐवजी मी मूठ जराशी सैल करून त्याला आत दाखवली. तो वाकून बघत राहिला. मग एस्तेरच्या गळ्यातल्या क्रुसाकडं त्याची नजर गेली, परत मुठीकडं आली. काय समजलं त्याला कोण जाणे. त्यानं खुर्ची बाजूला ओढली आणि वाट दिली.

एस्तेरनं स्कूटर चालू केली. मी मागं बसलो, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि वाऱ्यानं माती उडू नये म्हणून मुठीवर टाकलं. तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"कुठं सोडू, काका?"

"तुज्या बापाकडं," मी म्हणालो. "मला जागा म्हाईत न्हाई. तू दाखव."